दाजीच्या हाताची खोड

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ही म्हण ज्याने पहिल्यांदा केली तो माणूस पक्का आळशी असला पाहिजे. स्वतःची एखादी खोड त्याला सोडायची नसणार, म्हणून त्याने सगळ्या जगाच्याच खोडींना जन्मभराचं अभय देऊन टाकलं. देवबागात मागच्या कार्तिकात ही म्हण इतक्यांदा ऐकू आली, की धक्क्यावरच्या कावळ्यांनाही पाठ झाली असेल. आणि जो तो ती एकाच माणसाला ऐकवत होता, दाजी तारीला.

देवबाग म्हणजे समुद्र आणि कर्लीची खाडी यांच्या मधली वाळूची पट्टी. दाजीचं घर खाडीच्या अंगाला. पुढच्या दारी रस्ता, मागच्या दारी पाणी. मागच्या दाराने बाहेर पडलं की आधी त्याच्या बायकोची, आनंदीची, तुळस, मग दोन माड, मग धक्का. चौदाव्या वर्षी बापाने त्याला होडीच्या मागच्या फळीवर बसवलं आणि सुकाणूचा दांडा हातात दिला. तो दांडा दाजीने त्रेचाळीस वर्षं सोडला नाही. आधी मासे आणले, मग पर्यटक यायला लागले तसे पर्यटक फिरवले. होडीला इंजिन आलं, छप्पर आलं, पण मागे बसायचं आणि दांडा धरायचा, यात फरक पडला नाही.

या दांड्याची एक गंमत आहे. ज्यांनी कधी होडी हाकली नाही त्यांना ती सांगायलाच हवी. होडी उजवीकडे वळवायची असली तर दांडा डावीकडे ढकलायचा, आणि डावीकडे वळवायची असली तर उजवीकडे. नवख्याला हे चमत्कारिक वाटतं. दाजीला ते चमत्कारिक आहे हेच कधी कळलं नव्हतं. खडक दिसला की हात हलायचा, होडी वळायची. सायकलवर तोच हात सरळ वागे, पण सायकल जमिनीवर. पाय पाण्यावरच्या फळीला लागला की हाताला दुसरा कायदा लागू व्हायचा.

मग दसऱ्याला मुलाने, सिद्धेशने, नवी होडी आणली. फायबरची, पांढरी शुभ्र, लाल गाद्यांची. आणि दांड्याच्या जागी चाक, मोटारगाडीला असतं तसं. जिकडे फिरवाल तिकडे होडी वळणार. सिद्धेशने बापाला पुढच्या खुर्चीवर बसवलं, चाक दाखवलं, म्हणाला, "बाबा, ह्या पोरासोरांचा काम. तुमका काय शिकवचा?"

दाजीलाही तसंच वाटलं. कुणी शिकवलेलं त्याला आवडत नसे. बापाने शिकवलं होतं ते शेवटचं.

दोन फेऱ्या छान झाल्या. संथ पाणी, मोकळी खाडी, चाक हळू फिरवायचं, विचार करायला वेळ. तिसऱ्या फेरीला कोल्हापूरची अकरा माणसं होती. संगमावरून, खाडी समुद्राला मिळते तिथून, परत येताना मंगेशची होडी नांगरलेली दिसली. मंगेश म्हणजे दाजीचा शेजारी, बालमित्र आणि जन्माचा टिंगलखोर. ओहोटीचं पाणी दाजीची होडी त्या होडीकडे ओढायला लागलं. उजवीकडे काढायला हवी होती. दाजी घाबरला नाही, फक्त दचकला. पण तेवढ्याने काम झालं. त्रेचाळीस वर्षांचा हात डोक्याला न विचारता सटकन डावीकडे गेला आणि नवीकोरी होडी मंगेशच्या होडीवर जाऊन आदळली.

कुणाला लागलं नाही. कोल्हापूरकरांच्या सोलकढीचा डबा तेवढा आडवा झाला आणि लाल गादी आणखी लाल झाली. नव्या होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, वीतभर चीर गेली, पण पाण्याच्या वरच. मंगेश धक्क्यावरून ओरडला, "दाजी, इतकी मोठी खाडी आसा, तुका माझीच होडी गावली?" आणि मग पहिल्यांदा ती म्हण, "जित्याची खोड मेल्याशिवाय जाणा नाय रे!"

संध्याकाळी सिद्धेश बापासमोर बसला. तो बरा मुलगा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पण अकरा माणसांचा जीव ही काही थट्टा नव्हे, आणि ते त्याला बापाआधी कळलं होतं.

"बाबा, माका बोलाक बरा वाटणा नाय," तो म्हणाला. "पण तुमी आता किनाऱ्यार बसा. पावण्यांका जॅकेटा घाला, चढवा, उतरवा. चाकार मी वायरीच्या चंदनाक बसयतंय."

"माझ्या होडयेर?"

"बंदराच्या हापिसातसून मॅडम तपासूक येतली. तुळशीचा लगीन झाल्यार. होडी कोण हाकतलो ता बघतली, तेच्याच नावान कागद होतलो. तिच्या समोर असा झाला तर?"

दाजीने बिडी पेटवली. मग म्हणाला, "ती येयत तेवा चाकार मी बसतलंय. जमला नाय तर तुझो चंदन."

"आणि तवसर?"

"तवसर जॅकेटा."

झालं. दुसऱ्या दिवसापासून दाजी तारी, ज्याला संगमावरची वाळू कुठल्या महिन्यात कुठे सरकते हे पाठ, तो धक्क्यावर उभा राहून लोकांच्या पोटांवर जाकिटांचे पट्टे आवळू लागला. शेजारच्या वायरी गावचा चंदन तिशीतला होता, नम्र होता, दाजीला काका म्हणायचा. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या. होडी सुटली की दाजी तिच्याकडे बघत उभा राही. हाताला काही काम नाही. तिसऱ्या दिवशी त्याला रडू आलं. वारा डोळ्यात गेल्याचं त्याने स्वतःलाच सांगितलं आणि पाठ फिरवली.

तपासणीला महिना होता. सिद्धेशने एक गोष्ट कबूल केली होती, पर्यटक यायच्या आधी, साडेसहा ते आठ, होडी बापाच्या ताब्यात. दाजीने मग आपल्या पद्धतीने सराव सुरू केला. त्याची पद्धत म्हणजे जबरदस्ती. उजव्या मनगटाला लाल दोरा बांधला. चाकावर बसला की तोंडाने एकच जप, "उलटा कर, उलटा कर." चार वेळा बरोबर यायचं. पाचव्या वेळी आधीच उलटा केलेला हात तो पुन्हा उलटा करायचा, म्हणजे होता तिथेच यायचा आणि होडी कांदळात, काठावरच्या खारफुटीत, शिरायची. आधी निदान दचकल्यावर चुकत होता. आता न दचकताही चुकायला लागला.

घरातही चैन नाही. एका सकाळी आनंदी स्वयंपाकघरात आली तर दाजी पाटावर बसून परात दोन्ही हातांनी गरगर फिरवत होता.

"अवो, ती माझी परात," ती म्हणाली. "माका भाकरेचा पीठ मळूचा आसा."

"गप रव. होडी हाकतंय."

"खंय पोचलात?"

दाजीने परात खाली ठेवली. "परत मंगेशाच्या होडयेर," तो म्हणाला.

आनंदी हसली नाही. तेहेतीस वर्षं संसार केलेल्या बाईला कधी हसायचं नाही हे कळतं. तिने परात घेतली, पीठ काढलं आणि म्हणाली, "तुमका येवचा नाय असा मी म्हणणंय नाय. पण ह्या असा येवचा नाय."

दर शनिवारी संध्याकाळी, सिद्धेशने घरातच काढलेल्या खोल्यांत उतरलेल्या पाहुण्यांसाठी बाहुल्यांचा खेळ असे. पिंगुळीचा सत्यवान यायचा, कळसूत्री बाहुल्यांची पेटी घेऊन. त्याच्या घरात हे पिढ्यांपिढ्या चालत आलेलं. दाजीची आणि त्याची जुनी दोस्ती. एरवी दाजी खेळ समोर बसून बघे. त्या शनिवारी कुणाला तोंड दाखवायचं नव्हतं म्हणून तो पडद्यामागे जाऊन सत्यवानाच्या बाजूला बसला. त्यामुळे जन्मात पहिल्यांदा त्याने बाहुली न बघता हात बघितले.

दहा बोटं, बोटाबोटाला दोरे. एक बोट वर गेलं की राणीची मान वळायची, दुसरं खाली आलं की ती बसायची. कुठलं कधी, याचा दाजीला मेळ लागेना. खेळ ऐन रंगात आलेला असताना त्याने हळूच विचारलं, "सत्यवाना, मान वळवतंस तेवा खंयचा बोट?"

सत्यवानाने स्वतःच्या बोटांकडे बघितलं. झालं, राणी अडखळली, एक पाय वर लटकला, दोरे गुंतले. पाहुण्यांना वाटलं हाही खेळच, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

खेळ संपल्यावर सत्यवान दोरे सोडवत बसला. "तू इचारलंस आणि माझी राणी लंगडली मरे," तो म्हणाला. "माका काय म्हायत खंयचा बोट? मी बोटांका काय सांगणंयच नाय. मी तिका सांगतंय, उठ गो, वळ गो, बघ गो राजाकडे. बोटां आपली जातत तिच्या मागसून."

"आणि शिकलंस कसो?"

"बापाशीन माझ्या हातार पंचो टाकल्यान. म्हणालो, हाताकडे बघशीत तर हातच नाचतलो. बाहुलेकडे बघ."

"किती दिवस होतो पंचो?"

"पावसाळोभर. रोज. आणि हळू. घाय केलंय की दोरे गुंतले, दोरे गुंतले की बापाशीचो रट्टो."

 दुसऱ्या दिवशी पहाटे दाजी धक्क्यावर बिडी न पेटवता बसला, म्हणजे डोकं खरंच चालू होतं. आपण काय म्हणतो? उलटा कर. उलटा म्हणजे कशाच्या उलटा? दांड्याच्या. म्हणजे हातात चाक असलं तरी डोक्यात दांडाच बसलेला. सुलटा तो, आणि चाक बिचारं उलटं. ज्या दांड्याला हाकलायचं, त्याचंच नाव सकाळ-संध्याकाळ जपतोय. मग तो जाईल कशाला? बोलावलेला पाहुणा आणि जेवायला घातलेला कावळा, दोघेही उठत नसतात.

आणि आणखी एक. हात म्हातारा झाला, हाड वळायचं नाही, असं आपण लोकांकडून ऐकलं आणि खरं मानलं. पण हाताचा दोष काय? हात तर इमानी. त्रेचाळीस वर्षं जे सांगितलं ते त्याने केलं. सांगणाऱ्यानेच सांगणं बदलायला हवं. दाजीला हे कळलं आणि छातीवरचा मोठा धोंडा बाजूला झाल्यासारखं त्याला वाटलं. तो उठला, मनगटावरचा लाल दोरा तोडून पाण्यात टाकला आणि घरात जाऊन आनंदीला म्हणाला, "चल, होडयेत बस."

"मी?" आनंदी पिंगुळीजवळच्या शेतकऱ्याची लेक. खाडीकाठी तेहेतीस वर्षं काढून ती मोजून दोनदा होडीत बसली होती आणि दोन्हीदा तिला ओकारी आली होती. "माका फिरता पाण्यार."

"तुका दर्यात न्हेणंय नाय. तांदूळ घे, सूप घे, पुढे बसान निवडीत रव. आणि मधीच, माका न सांगता, येका जाग्याचा नाव घे. माड म्हण, तुळस म्हण. काय म्हणतलंस ता माका आधी कळता नये."

"आणि तुमी काय करतलात?"

"मी थय बघतलंय. बाकी काय करूचंय नाय."

होडी सोडण्याआधी दाजीने रीतीप्रमाणे नारळ हातात घेऊन पाण्याकडे तोंड केलं आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, तुझो लेकरू आज नव्या चाकार बसता हा. हाताक बुद्दी नको देव, डोळ्याक दी. नाळ मी बघीन थय जाव दे. पार पडला तर संगमार येवन तुका नारळ सोडीन रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आनंदीने साथ दिली. गाऱ्हाण्याला साथ द्यायला एरवी वीस माणसं असतात, इथे ती एकटी, पण आवाज वीस जणांचा.

दाजीने खांद्यावरचा पंचा काढून चाकावर आणि हातांवर टाकला. धक्क्यावरून मंगेश बघतच होता. "दाजी, चाकाक थंडी वाजता काय रे?" तो ओरडला. दाजीने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. उजवं, डावं, उलटं आणि हात, हे चार शब्द त्याने त्या दिवसापासून तोंडातून आणि मनातून काढून टाकले.

खाडीत मध्यावर गेल्यावर इंजिन अगदी हळू केलं. आनंदी सुपात तांदूळ पाखडत, पाण्याकडे न बघता बसली. पाच मिनिटं गेली. मग ती एकदम ओरडली, "माड!"

दाजीने माड बघितला. नाळ माडावर आली. पंच्याखाली काय झालं ते त्याला ठाऊक नाही.

"मंगेशाचा घर!" मंगेशचं घर. "खांब!" खांब. "पलीकडचा देऊळ!" देऊळ. मग आनंदीला चेव आला. तेहेतीस वर्षं नवऱ्याला असे एकामागून एक हुकूम सोडायची संधी कुठल्या बाईला मिळते? "तुळस! कांदळ! माड! नको, देऊळ!" दाजीची होडी खाडीत अशी नागमोडी फिरायला लागली की वेळेवर शाळेला निघालेली पोरं काठावर थांबली. दहा वेळांपैकी चारदा होडी भलतीकडे गेली. पण त्या चारही वेळा दाजीला पक्कं ठाऊक होतं की आपली नजर हळूच पंच्याकडे गेली होती.

तासाभराने परत आले तेव्हा आनंदीच्या लक्षात आलं की तिला मळमळलंच नाही. "माझा ध्यान तांदळात होता," ती म्हणाली आणि स्वतःच चकित झाली.

हे रोज चाललं. दहाला चार, मग दहाला तीन, दहाला एक. गावात दाजीला भूत लागलं असं काही जण म्हणाले. काहींना ती म्हण पुन्हा आठवली. सिद्धेश मात्र सकाळी चहाचा पेला घेऊन माडाखाली उभा राहायचा, हे दाजीने बघून ठेवलं होतं. दहा-बारा दिवसांनी पंचा काढला. त्यानंतर आठ दिवस एकही चूक नाही.

मग तपासणीच्या चार दिवस आधी घोळ झाला. सकाळी अचानक वारा उठला, नाळ फिरली, होडी धक्क्याच्या दगडांकडे जायला लागली. दाजी दचकला आणि हात जुन्या वाटेने गेला. इंजिन वेळेत बंद केलं म्हणून होडी वाचली. दाजी चाकावर डोकं टेकून बसला. "संपला," तो म्हणाला. "मंगेश म्हणता ताच खरा. दे चंदनाक."

आनंदीने सूप बाजूला ठेवलं. आता मात्र ती चिडली. "तुमी दगडाकडे बघलात," ती म्हणाली.

"काय?"

"मी तुमच्या तोंडाकडे बघी होतंय. दगड इलो तेवा तुमी दगडाकडे बघलात. मगे होडी दगडाकडे नाय तर खंय जातली? तुमीच माका सांगलात, बघीन थय जाता म्हणान. भिवलात काय ज्या गोष्टीक भिवलात थयच बघतास. संसारातय तुमचा असाच आसा. मोकळा पाणी बघा ना! इतकी मोठी खाडी आसा!"

दाजीने मान वर केली. बाईने इतकं सरळ कधी सांगितलं नव्हतं, की त्यानेच कधी ऐकलं नव्हतं, देव जाणे. त्याने होडी वळवली आणि म्हणाला, "परत वाऱ्यात चल. तू आता जाग्यांची नावां नको घेव. भुतासारखी बोंब मार. मी मोकळा पाणी सोदतंय."

चार दिवस आनंदी होडीत बसून भुतासारखी बोंब मारत होती. तांदूळ निवडून संपले, मग कुळीथ निवडले. पाहुणे विचारायचे, सकाळी कोण ओरडतं? सिद्धेश सांगायचा, आमची आई, बाबांना शिकवते.

तुळशीचं लग्न झालं आणि मंगळवारी अनुजा मॅडम आल्या. असतील तिशीच्या. पायात बूट, अंगात जाकीट, हातात पॅड. चंदनही आला होता, सिद्धेशने बोलावलं होतं म्हणून. दाजीने इस्त्रीचा सदरा घातला होता आणि तोंडात ऑफिसातलं मराठी भरलं होतं.

"वय?" मॅडमनी विचारलं.

"सत्तावन्न पूर्ण."

"अनुभव?"

"त्रेचाळीस वर्षे दांड्यावर. एक महिना चाकावर."

मॅडमनी पॅडवरून नजर वर केली. "मग मी एक महिनाच धरते," त्या म्हणाल्या.

"तोच धरा," दाजी म्हणाला. "तोच मेहनतीचा आहे."

होडी सुटली. मॅडम शेजारी, सिद्धेश मागे. संगमापर्यंत गेले, तरंगत्या पिंपाला वळसा घातला, मागे घेतली, थांबवली. सगळं सुरळीत. परत येताना समोर धक्का दिसायला लागला आणि तेवढ्यात डावीकडून एक पर्यटक वॉटर स्कूटर घेऊन किंचाळत आडवा घुसला. त्याला थांबवता येत नव्हतं, हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं. सिद्धेश मागून ओरडला, "बाबा!"

दाजी दचकला. दचकणार नाही असं त्याने कधीच म्हटलं नव्हतं. पण दचकून त्याचे डोळे स्कूटरकडे गेले नाहीत. स्कूटर आणि कांदळ यांच्या मध्ये दहा हात मोकळं पाणी चकाकत होतं, त्याने ते बघितलं. नाळ तिकडे गेली. स्कूटरवाला दोन हातांवरून पाणी उडवत निघून गेला. होडी जराशी डुलली आणि पुन्हा धक्क्याच्या वाटेला लागली.

मॅडमनी चष्म्यावरचं पाणी पुसलं. "आता तुम्ही चाक कुणीकडे फिरवलंत?" त्यांनी विचारलं.

दाजीने खूप आठवून बघितलं. खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं, पण बोलवेना. ऑफिसातलं मराठीही संपलं होतं. "ठावक नाय, मॅडम," तो म्हणाला. "मी पाण्याकडे बघी होतंय."

मागे सिद्धेशने कपाळाला हात लावला. मॅडम लिहीत राहिल्या. धक्क्याला उतरल्यावर त्यांनी कागद फाडून दाजीच्या हातात दिला. "हे बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "ज्यांना आठवतं त्यांना मी पुन्हा बोलावते. चाक तुमच्या नावावर. शिक्का उद्या येऊन घेऊन जा, तोवर ही होडी बाहेर काढू नका."

चंदनाने वाकून दाजीच्या पायाला हात लावला.  सिद्धेशने बापाच्या अंगातलं जाकीट स्वतःच्या हाताने सोडवलं, पट्टा पट्टा करून, आणि दाजीला तेवढं पुरे झालं.

पण देवाचा नारळ उधार ठेवायचा नाही, हा दाजीचा नियम. नवी होडी बांधलेली, म्हणून दुपार कलल्यावर त्याने जुनी लाकडी होडी सोडली. आनंदी पुढे नारळ घेऊन बसली, या वेळी कुणी न सांगता. दाजी मागच्या फळीवर बसला. दांडा हातात आला. बापाच्या हाताने गुळगुळीत झालेला, मग त्याच्या. त्याला बरं वाटलं.

संगमाच्या अलीकडे पाण्याची वाट वळते. एका अंगाला वाळू वर आलेली असते, दुसऱ्या अंगाला खोल पाणी. ही वाट दाजी डोळे मिटून जाई. त्याने खोल पाण्याकडे बघितलं, हात खुशाल खोल पाण्याकडे गेला, आणि होडी सरळ वाळूवर चढून बसली.

 इंजिन गुरगुरत होतं. दाजीने दांड्याकडे बघितलं, हाताकडे बघितलं. बापाने दिलेलं काहीतरी हातातून निसटलं, असं एक क्षण त्याला वाटलं. डोळे भरले आणि त्याने या वेळी वाऱ्याचं नाव घेतलं नाही.

"लागला काय?" आनंदीने विचारलं.

बाजूने मंगेशची होडी चालली होती. त्याने दाजी तारीला, संगमाच्या तोंडावर, भर उजेडात वाळूवर चढलेला बघितला आणि त्याला कोण आनंद झाला. "काय रे दाजी!" तो ओरडला. "सांगूक नाय होतंय मी? जित्याची खोड..."

दाजी फळीवर उभा राहिला. त्याला आधी हसू फुटलं, मग ते आवरेना. दोन्ही हात वर करून तो असा ओरडला, की पलीकडच्या देवळापर्यंत ऐकू गेलं असेल.

"मंगेशा, गेली रे खोड! गेली! आणि बघ मेल्या, मी जितो आसंय!"

मग त्याने लेंगा वर खोचला, गुडघाभर पाण्यात उतरला, खांदा लावला आणि आनंदी आणि नारळ यांच्यासकट होडी खोल पाण्यात ढकलली.